शेऱ्याआधी फेरतपास

व्यसनमुक्तीच्या कामात असा एक टप्पा हटकून येतो, की ज्यात सेवार्थी ठरल्या वारी येतो, अदबीने बसतो, विचारले त्याचे उत्तर देतो, आणि महिन्यामागून महिने लोटले तरी त्याच्या पिण्यात तसूभर फरक पडत नाही. अशा वेळी 'सेवार्थी सहकार्य करीत नाही' हा शेरा लेखणीतून फार सहज उतरतो. तो दफ्तरी दाखल झाला की प्रकरण निकालात निघते, आणि अपयशाचा सारा बोजा, ज्याला स्वतःची कैफियत मांडण्याची सोयच नाही अशा माणसाच्या माथी बसतो. औषध लागू पडले नाही तर वैद्य निदान पुन्हा तपासतो. ताप सहकार्य करीत नाही, असे तो लिहीत नाही.

मेरी रिचमंड या अमेरिकन विदुषीने १९१७ साली 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ लिहून समाजकार्याच्या व्यवसायाला पुराव्याची शिस्त लावली. आणि निदान जर पुराव्यावर उभे असेल, तर नव्या पुराव्यानिशी ते बदलणे ओघानेच येते. समजा, बाजार समितीतला एखादा हमाल पाठीच्या दुखण्यावर उतारा म्हणून रात्री पितो आणि आपण त्याला इच्छाशक्तीचे पाठ देत बसलो आहोत, तर अडलेला उपचार त्याच्यामुळे अडलेला नाही. त्याला आधी अस्थिरोग विभागात पाठवले पाहिजे. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभारलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात कुटुंबीयांनाही उपचारात सामील करून घेतले जाते, यामागेही हीच दृष्टी आहे.

अर्थात, फेरतपासाअंती कधी नुसते थांबणेच उचित ठरते. सेवार्थीच्या स्वयंनिर्णयाचा मान राखावा, हे या व्यवसायाचे मूलतत्त्व खरे. परंतु घरात मारहाण सुरू असेल, तर पत्नीच्या संमतीने कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याशी संपर्क साधण्यास विलंब लावणे हा संयम नव्हे, कसूर आहे. केव्हा थांबावे आणि केव्हा थांबू नये, हा विवेक कोणत्याही परिपत्रकातून येत नाही. शिवाय, कार्यकर्त्यालाही सेवार्थीचा कंटाळा येतो (हे उघड बोलण्याचा रिवाज नाही), आणि स्वतःचा कंटाळा स्वतःला क्वचितच दिसतो.

म्हणूनच दुसऱ्या जाणत्या नजरेची गरज असते. १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यालयापासून समाजकार्याच्या शिक्षणाची जी परंपरा चालत आली, तीत क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी घेऊन मार्गदर्शकासमोर नियमाने बसावे लागते. पण तोच विद्यार्थी नोकरीत रुजू झाला, की मासिक विवरणपत्रात किती प्रकरणे बंद झाली एवढीच विचारणा बहुतेक ठिकाणी उरते. संस्थाचालकांनी आणि रुग्णालयांच्या अधीक्षकांनी आठवड्याचा एक तास अडलेल्या प्रकरणांच्या चर्चेसाठी राखून ठेवावा, आणि फेरतपासाची नोंद सोबत नसलेला असहकाराचा शेरा मुळी दाखलच करून घेऊ नये.