साथीचा माग आणि खिशातला फोन

देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे ॲप आधीच घालून द्यावे, असा आदेश दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मोबाइल कंपन्यांना दिला. ओरड झाली आणि ३ डिसेंबरला आदेश मागे घेतला गेला. चोरीला गेलेला फोन शोधायला, आपल्या नावावर दुसऱ्याच कुणी घेतलेले सिमकार्ड उघडकीस आणायला हे ॲप उपयोगी आहे, याबद्दल दुमत नाही. आक्षेप होता तो सक्तीला. अशी सक्ती सोलापूरकरांनी याआधी एकदा पाहिली आहे, आणि तीही आरोग्याच्या नावाने.

मार्च २०२० मध्ये राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या हातावर शिक्के बसले. विलगीकरणातील माणूस घराबाहेर पडला तर फोनवरून कळावे म्हणून राज्याने ‘महाकवच’ ॲप आणले. २ एप्रिलला केंद्राचे ‘आरोग्य सेतू’ आले. १ मेच्या आदेशाने गृह मंत्रालयाने ते सर्व सरकारी आणि खासगी कर्मचाऱ्यांना सक्तीचे केले आणि प्रतिबंधित क्षेत्रात शंभर टक्के लोकांच्या फोनमध्ये ते असावे, असे बजावले. दोनच आठवड्यांत, १७ मे रोजी, सक्तीची भाषा सौम्य झाली. पण तोपर्यंत सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी गल्ल्यांना बांबू लागले होते. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या या वस्त्यांत अनेक घरांत मिळून एक फोन, तोही बटणांचा. ‘शंभर टक्के’ कुणाचे, हा प्रश्न दिल्लीत कुणाला पडला नसावा.

हे तंत्र नेमके काय मोजते, ते पाहण्यासारखे आहे. चालू फोन जवळच्या टॉवरशी सतत संपर्कात असतो, त्यामुळे माणूस कोणत्या परिसरात आहे हे कंपनीला कळतेच. शहरात हा अंदाज काहीशे मीटरचा, तर करमाळा-मंगळवेढ्याच्या माळरानावर काही किलोमीटरचा. जीपीएस मोकळ्या आभाळाखाली काही मीटरपर्यंत अचूक असते, पण पत्र्याखाली आणि दाटीच्या गल्लीत चुकते. ब्लूटूथ साधारण दहा मीटरच्या आतला दुसरा फोन टिपते. मात्र मधली भिंत त्याला कळत नाही. दोन खोल्यांमध्ये एकच भिंत असलेल्या चाळीत शेजारी कधी भेटलेही नसतील, तरी फोन त्यांना ‘निकटचे संपर्क’ ठरवू शकतो. उलट, नळावर तासभर शेजारी उभ्या राहिलेल्या, फोन घरी ठेवून आलेल्या दोघी त्याच्या हिशेबात भेटल्याच नाहीत. जिथे साथ दाटीने पसरते, तिथेच हे साधन कच्चे पडते. २०२० मध्ये या वस्त्यांतले खरे संपर्क शोधले ते दारोदार फिरणाऱ्या आशा सेविका आणि परिचारिकांनी.

रोगाचा माग काढायला असे कच्चे असणारे हे साधन माणूस ओळखायला मात्र पक्के आहे. पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, नाव-नंबर काढून टाकला तरी जागा आणि वेळेच्या फक्त चार नोंदींवरून ९५ टक्के माणसे वेगळी ओळखता येतात. रात्री कुठे झोपतो, सकाळी कोणत्या कारखान्यात जातो, दर महिन्याला कोणत्या दवाखान्यापाशी थांबतो, एवढे पुरेसे आहे. त्यात क्षयाचा दवाखाना असू शकतो, एचआयव्हीचे उपचार केंद्र असू शकते. म्हणून ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ हे निरोगी माणसाचे वाक्य आहे.

भीती वाटली की माणसे आजार लपवतात. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरझडतीच्या धास्तीने लोकांनी रुग्ण दडवले. मे २०२० मध्ये सेऊलच्या नाइट क्लबांतून साथ पसरली, तेव्हा टॉवरच्या नोंदींवरून हजारो लोक शोधले गेले. पण आपली ओळख उघड होईल या भयाने अनेक जण पुढे येईनात. अखेर नाव न विचारता चाचणी करण्याची सोय झाली आणि चाचण्यांची संख्या वाढली. गोपनीयता हा रोगनियंत्रणातला अडथळा नव्हे, त्याचाच भाग आहे, हे तिथल्या आरोग्य यंत्रणेला अनुभवाने कळले.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यावर गदा आणायची तर कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. ‘आरोग्य सेतू’च्या सक्तीमागे कोणता कायदा आहे, असा सवाल विदासंरक्षण कायद्याचा पहिला मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांनी तेव्हाच केला होता. ११ मे २०२० च्या नियमावलीने माहिती जास्तीत जास्त १८० दिवस ठेवण्याचे बंधन घातले, पण ते सरकारने स्वतःच स्वतःवर घातलेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की, संपर्क शोधण्याची सोय बंद केली आहे आणि तिच्यातून जमलेली माहिती पुसली आहे. तेव्हा देशात विदासंरक्षणाचा कायदाच नव्हता.

ऑगस्ट २०२३ मध्ये तो आला. साथीच्या काळात उपचार आणि आरोग्यसेवेसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे. ती रास्तच म्हणावी लागेल, कारण बेशुद्ध रुग्णाची सही कोण आणणार? खटकते ते पुढचे. काम संपल्यावर माहिती पुसण्याचे जे बंधन खासगी कंपनीवर आहे, त्यातून कलम १७ ने सरकारी यंत्रणांना सूट दिली आहे. म्हणजे औषध दुकानदाराच्या ॲपने आपली नोंद पुसली पाहिजे, महापालिकेने पुसलीच पाहिजे असे नाही. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, मुख्य तरतुदी मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. दुरुस्तीला तेवढा वेळ आहे.

निदान आरोग्याच्या कारणाने गोळा केलेल्या माहितीपुरती ही सूट काढता येईल. किती दिवसांत पुसणार हे आदेशातच लिहिता येईल आणि पुसल्याची तपासणी सरकारबाहेरच्या यंत्रणेकडे देता येईल. आषाढीला पंढरपुरात वाळवंटात किती गर्दी आहे, पाणी आणि रुग्णवाहिका कुठे हव्यात, हे ठरवायला फोनची संख्या लागते. वारकऱ्याचे नाव लागत नाही. जिल्हा प्रशासनाला हा फरक पाळायला दिल्लीच्या दुरुस्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही.