डेगूंचा पिंजरा: आधी जमीन, मग मजले

डेगूंसाठी मोठा पिंजरा घ्यायचा म्हटलं की लोक आधी उंची बघतात. मजले जास्त, म्हणजे पिंजरा भारी! मला हे काही पटत नाही. डेगू हा मूळचा मध्य चिलीतला, कळपाने राहणारा, बिळं खोदणारा प्राणी. चढायला त्याला आवडतं, पण खोदणं ही त्याची गरज. म्हणून तळाचा ट्रे खोल हवा, आणि तोही धातूचा. दात आयुष्यभर वाढत असल्याने प्लॅस्टिक तो कुरतडून टाकतो. मजले जाळीचे नकोत, पायांना जखमा होतात. आणि डेगू किमान दोन हवेत! एकट्याला महाल दिला तरी ती कोठडीच. असो. हॉलमध्ये काय शोभेल ते सोफा घेताना बघा ना. इथे ६-८ वर्षं त्यांना राहायचंय, आपल्याला नाही.