कुंडीतला निसर्ग आणि कवेलूचं छप्पर

कान्हाच्या मुक्की फाटकाबाहेरचा मुलूख बालाघाट जिल्ह्याच्या बैहर भागात येतो. इथे पर्यटकांसाठी उभारलेल्या महागड्या मुक्कामांपैकी काहींच्या भिंतींना मातीचा गिलावा आहे, वर कवेलू आहेत, पुढे लाकडी खांबांची ओसरी आहे. पाहुणा एका रात्रीचे हजारो रुपये मोजतो आणि सकाळी ओसरीत चहा घेताना म्हणतो, काय गारवा आहे हो! याच मुलखातल्या बैगा आदिवासींच्या टोल्यावर तीच माती आणि तेच कवेलू सरकारी कागदावर 'कच्चं घर' म्हणून नोंदले जातात. ते घर सोडून सिमेंटच्या खोलीत जाणं ही प्रगती ठरते. भिंत एकच, मालकाच्या खिशाप्रमाणे ती एकीकडे चैन आणि दुसरीकडे दारिद्र्याचा पुरावा होते.

निसर्गाला धरून घर बांधावं, असं म्हटलं की आपल्याकडे दोन बाजूंनी विरोध होतो. एक बाजू म्हणते, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. दुसरी म्हणते, हे गरिबांना गरीब ठेवायचं कारस्थान आहे. आणि या दोघांच्या मधून तिसराच कोणी येतो आणि निसर्ग म्हणून घरात चार कुंड्या ठेवून जातो. या तिसऱ्याचा समाचार आधी घेऊ, कारण खरं नुकसान त्याने केलंय.

बालाघाट, वारासिवनी, गोंदियाच्या नव्या फ्लॅटांतही आता हिरवी भिंत, मनीप्लांटचे वेल, टीव्हीमागे लाकडासारखा दिसणारा कागद हे सगळं आलं आहे. का, तर 'झाडं घरातली हवा शुद्ध करतात, नासाने सिद्ध केलंय'. नासाचा तो अभ्यास 1989 चा, आणि तो हवाबंद पेटीत केलेला होता. आपलं घर म्हणजे पेटी नव्हे. दारा-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. पुढे कमिंग्ज आणि वॉरिंग या अमेरिकन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. साध्या वायुवीजनाने जेवढी हवा स्वच्छ होते तेवढं काम कुंड्यांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान दहा, कदाचित हजार झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. हजार कुंड्या ठेवल्या तर घरातल्यांनी राहायचं कुठे? कुंडी जरूर ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं. पण पश्चिमेला सगळी काच लावून, एसी चालवून, कोपऱ्यात एक अरेका पाम उभा केला म्हणजे घर निसर्गस्नेही होत नाही.

मग फायदा असतो तो कशाचा? 1984 साली रॉजर उल्‌रिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदींवरून अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठा इमला उभारू नये. पण त्यात कुंडी कुठेच नाही, एवढं लक्षात घ्या. तिथे आहे ती खिडकी, आणि खिडकीबाहेर जिवंत ठेवलेलं झाड. म्हणजे प्रश्न सजावटीचा नाही, नकाशाचा आहे.

आता 'कच्च्या'विषयी. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत छपरांची जी वर्गवारी झाली, तीत टिनाचा पत्रा पक्का आणि हाताने थापलेलं कवेलू कच्चं. बालाघाटच्या मे महिन्यात पारा 44 च्या घरात असताना ज्याने पत्र्याखाली दुपार काढली आहे, त्याला ही वर्गवारी ऐकून हसू येईल. पत्रा तापला की लगेच घर तापवतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाटेवर ओततो. दीड फुटाच्या मातीच्या भिंतीत दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि खाली बांबूच्या तट्ट्यांवर माती अंथरलेला माळा असला तर उरलेली धगही अडते. या सगळ्याला विजेचं एक युनिट लागत नाही. उलट जगाच्या कार्बन उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे.

इतकं म्हटल्यावर प्रतिपक्ष उठतो आणि त्याचे आक्षेप हलके नाहीत.

तो म्हणतो, मातीची घरं माणसं मारतात. 30 सप्टेंबर 1993 चं किल्लारी आठवा, 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंप आठवा. जबलपूर आपल्याला काही लांब नाही. खरं आहे. पण किल्लारीत कोसळल्या त्या मातीत नुसत्याच रचलेल्या बेढब दगडांच्या जाड भिंती, आणि डोक्यावर मातीचं टनावारी ओझं. दोष होता तो वजनाचा आणि भिंती एकमेकींना बांधलेल्या नसण्याचा. खिडकीच्या डोक्यावरून चारही भिंतींना धरणारा पट्टा, कोपऱ्यांत मजबुती, हलकं छप्पर हे उपाय भारतीय मानक संस्थेच्या मातीच्या बांधकामाच्या संहितेतच लिहिलेले आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूवर स्वतंत्र प्रकरण आहे. शास्त्र छापून तयार आहे, ते मिस्त्रीपर्यंत पोचवायचं राहिलंय. कुडाच्या भिंतीची बांधणी तर मुळातच वेगळी: उभे बांबू, आडव्या कमच्या, दोन्ही बाजूंनी माती. ती हलते, पण माणसाला गाडण्याएवढं वजन तिच्यात नसतं.

तो म्हणतो, बांबूला घुण लागते. लागते, कारण आपण कोवळा बांबू, हाताला येईल तेव्हा तोडतो. बांबूच्या पोटात साखर आणि पिठूळ भाग असतो, किड्याला तोच हवा असतो. मग एक दिवस आढ्याखाली पिवळसर पूड सांडलेली दिसते, बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, आणि तुळईच्या जागी नुसती नळी उरलेली असते. तीन वर्षांपुढचा बांबू पावसाळा सरल्यावर तोडायचा, बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात भिजवायचा, सावलीत वाळवायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही. एवढं केलं की तो वर्षानुवर्षं टिकतो. मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या कामाला धंद्याचं आणि प्रतिष्ठेचं रूप दिलं. कटंगी, लांजी, बैहरच्या जंगलपट्टीत हे अशक्य का असावं? 2017 पासून जंगलाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतूनही वगळला आहे. बांधावर लावा, तोडा, विका.

माकडं कवेलू फोडतात, हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की वर्षाची शाकारणी वाया जाते, आणि हाताने कवेलू थापणारे कुंभार आता सापडत नाहीत. त्याहून जड आक्षेप बायांचा आहे. दर सणाला सारवण, दर पावसाळ्यानंतर पोतारणं, भिंतीचा खालचा भाग भिजून ढासळला की पुन्हा लिंपण, हे कोण करतं? मातीच्या घराची कौतुकं लिहिणारे पुरुष करत नाहीत. एखाद्या बाईने 'मला सिमेंटचं घर हवं' म्हटलं तर ती निसर्गाची वैरीण नाही, ती दमलेली आहे. तिला मागे ढकलून कसलंच पर्यावरण वाचणार नाही.

म्हणून माझं म्हणणं आजोबांचं घर जसंच्या तसं बांधा असं नाही. जोतं दगडाचं आणि उंच करा. भिंतीचे खालचे दोन-तीन फूट पक्क्या विटेचे, त्यावर पाच टक्क्यांच्या आसपास सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा. अशी भिंत दरवर्षी लिंपावी लागत नाही. वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा, म्हणजे पाऊस भिंतीला शिवणार नाही. माकडांचा त्रास असेल तिथे यंत्राचं कवेलू घाला, पण खाली माळा ठेवा. घर पूर्व-पश्चिम लांब ठेवा, पश्चिमेला लहान खिडकी आणि एक कडुलिंब. स्लॅबच हवा असेल तर जरूर टाका. पण समोर छपरी ठेवा आणि समोरासमोर खिडक्या ठेवा. केरळात वास्तुकार लॉरी बेकर यांनी हेच केलं. त्यांच्या रॅट-ट्रॅप पद्धतीच्या भिंतीत विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि आतल्या पोकळीमुळे खोली गार राहते. बेकरांना ही दिशा गांधींनी दाखवली, आणि गांधींची सेवाग्रामची बापूकुटी तर इथून फार लांब नाही, वर्ध्याजवळच आहे. माती, बांबू आणि कवेलूंच्या त्या कुटीला कुणी 'कच्चं' म्हणून पाहावं!

'शासनाचा नियमच आडवा येतो' ही पळवाट आहे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेची अट अशी की साध्या देखभालीत घर तीस वर्षं टिकलं पाहिजे. काँक्रीटची चौकटच हवी, असं तीत कुठे आहे? याच योजनेसाठी ग्रामविकास मंत्रालयाने आयआयटी दिल्ली आणि यूएनडीपीला घेऊन 'पहल' नावाचा संग्रह काढला. त्यात राज्याराज्यांच्या हवामानाला आणि स्थानिक मालाला जुळणारे घरांचे नमुने आहेत. बैगांसारख्या विशेष मागास आदिवासींसाठीच्या 2023 च्या पीएम-जनमन योजनेने घरामागे दोन लाख ठरवले. तरीही बैहरच्या डोंगरात आणि वारासिवनीच्या धानपट्ट्यात तोच एक चौकोनी ठोकळा उभा राहतो, कारण हप्ता काढायला तोच सोपा.

जनपद पंचायतीच्या उपयंत्री साहेबांना माझी एवढीच विनंती आहे: 'पहल'ची एक प्रत टेबलावर ठेवा आणि आवासाचा पहिला हप्ता देण्याआधी घरच्या बाईला ती उघडून दाखवा. आणि ज्यांना या उन्हाळ्यात स्वतःच्या पैशाने घर बांधायचं आहे त्यांनी सेंट्रिंगचा ठेका देण्याआधी एक दुपार, बारा ते चार, शेजाऱ्याच्या नव्या स्लॅबखाली बसून यावं.