पेण, रोहे आणि ‘अनलिंक’: जुन्या नावाचे काय करावे?

१/६
पेण-रोह्याचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास शोधणारा अभ्यासक साहजिकच ‘रायगड जिल्हा’ असे टंकतो आणि चुकीच्या कपाटासमोर उभा राहतो. १८८३चे गॅझेटिअर आणि १९६४ची सुधारित आवृत्ती, दोन्ही ‘कुलाबा’ या नावाने आहेत. जिल्हा ‘रायगड’ झाला १९८१ साली. गावे तीच, कुंडलिका तीच. पत्ता मात्र बदलला.

२/६
हा पेच संगणकालाही ठाऊक आहे. युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत फाइल काढून टाकणाऱ्या फंक्शनचे नाव ‘डिलीट’ नाही, ‘अनलिंक’ आहे. हे नाव नेमके आहे. फाइलचे नाव डिरेक्टरीत नोंदलेले असते, मजकूर अन्यत्र. ‘लिंक’ने एकाच मजकुराला दुसरे नाव देता येते, ‘अनलिंक’ त्यातले एक नाव काढते. शेवटचे नाव गेले, की मजकुराची जागाही मोकळी केली जाते.

३/६
त्या पुस्तिकेत नाव बदलण्याचे स्वतंत्र फंक्शनच नव्हते. आधी नवे नाव जोडायचे, मग जुने तोडायचे. नामांतर म्हणजे दोन वेगळ्या कृती, हे त्या रचनेत स्पष्ट दिसते. पहिलीमागून दुसरी केलीच पाहिजे, असे बंधन नाही.

४/६
पायथनमध्ये आजही ‘रिमूव्ह’ आणि ‘अनलिंक’ ही दोन्ही फंक्शने आहेत आणि दोन्हींचे काम एकच. काहींना हा पसारा वाटतो. पण पहिले नाव नवशिक्याला कळते, दुसरे युनिक्सच्या जाणकाराला. दोघांनाही वाट सापडते.

५/६
याच रायगडाच्या इतिहासात अधिक जुना दाखला आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या राजव्यवहारकोशाने फारसी-अरबी राज्यव्यवहारशब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव. तरीही कोशाने जुना शब्द गाळला नाही. नव्याच्या शेजारी ठेवला. म्हणून तो कोश आजही जुन्या कागदांची किल्ली ठरतो.

६/६
नामांतराला आक्षेप नाही. काळ बदलतो, नावेही बदलतात. आक्षेप आहे तो दुसऱ्या कृतीला. दप्तरांचे डिजिटायझेशन करताना प्रत्येक सूचीत ‘रायगड’च्या शेजारी ‘कुलाबा’ असलेच पाहिजे. कागद जाळल्यानेच नष्ट होतात असे नाही. ज्या नावाने ते सापडतात, ते नाव पुसले तरी पुरते.