दोन गाईड, दोन उत्तरे : संगणकाच्या परीक्षेत खरे कोणते मानायचे?

धान केंद्रावर नंबर लावून बसलेल्या एका शेतकऱ्याने परवा पिशवीतून दोन पुस्तके काढून माझ्यापुढे धरली. मला वाटले, तुडतुड्याच्या औषधाबद्दल विचारतील. पण प्रश्न वेगळाच निघाला. "साहेब, पोरगी संगनकाची परीक्षा देऊन रायली. ह्या पुस्तकात एक लिवलं आहे, त्या पुस्तकात दुसरं. पेपरात कोनतं खरं मानाचं?" एक्सेलच्या एका शीटमध्ये किती ओळी असतात, असा तो प्रश्न. एका गाईडात उत्तर होते ६५,५३६. दुसऱ्यात १०,४८,५७६. सासऱ्याच्या सही-शिक्क्यासारखे दोन्ही ठिकाणी ठाम छापलेले.

वाचकहो, हा प्रश्न त्या एका पोरीचा नाही. सालेकसा, देवरीपासून तिरोडा, अर्जुनी मोरगावपर्यंत आपल्या आठही तालुक्यांत आज घरोघरी कोणी ना कोणी एमएस-सीआयटी किंवा सीसीसीचा अभ्यास करतो आहे. आणि हा काही हौसेचा अभ्यास नव्हे. ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने सरकारी नोकरीसाठी 'संगणक अर्हता' ठरवून दिली. तंत्रशिक्षण मंडळाची एमएस-सीआयटी किंवा केंद्राच्या संस्थेची सीसीसी, ओ लेव्हल वगैरे प्रमाणपत्र त्यात धरले जाते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्या भरतीतही नियुक्तीनंतर दोन वर्षांत हे प्रमाणपत्र आणायचे असते. गावचे जे जुने कर्मचारी हे वाचत असतील त्यांना ३१ डिसेंबर २००७ ही तारीख वेगळी सांगायला नको. त्या मुदतीत परीक्षा पास न झालेल्या कितीतरी कर्मचाऱ्यांच्या, विशेषतः जिल्हा परिषद शिक्षकांच्या वेतनवाढी अडकल्या, वसुल्या निघाल्या, काही प्रकरणे हायकोर्टापर्यंत गेली. तेव्हा एका चुकीच्या उत्तराने आभाळ कोसळत नाही हे खरे, पण अभ्यासाचा पाया कच्चा राहिला तर फी जाते, एसटीचे भाडे जाते, आणि वर्ष जाते ते वेगळेच.

आता ओळींचा हिशेब. दोन्ही गाईडं खरी होती. २००३ पर्यंतच्या एक्सेलमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ रकाने होते. २००७ ची आवृत्ती आली आणि ओळी १०,४८,५७६ झाल्या, रकाने १६,३८४ झाले. पहिले गाईड जुन्या आवृत्तीवर लिहिलेले, दुसरे नव्या. पण दोघांनीही 'कोणत्या एक्सेलमध्ये' हे सांगायची तसदी घेतली नव्हती. आपल्याकडे 'धानाला एकरी बियाणे किती' असे कोणी विचारले तर मी आधी विचारतो, रोवणी कोणत्या पद्धतीने करणार? श्री पद्धतीला एकरी दोन-अडीच किलो पुरते. नेहमीच्या पद्धतीने पऱ्हे टाकायचे तर त्याच्या कितीतरी पट लागते. दोन्ही आकडे शिफारशीतलेच. पद्धत न विचारता आकडा पाठ केला, तर घोटाळा ठरलेला.

मी स्वतः ही परीक्षा दिली तेव्हा अशाच खिंडीत सापडलो होतो. पुस्तक २००७ चे, आणि ज्या सेंटरवर शिकलो तिथल्या मशीनवर २००३. पुस्तक म्हणे रिबनवर क्लिक करा; मशीनवर रिबनच नाही! सरांना विचारले तर म्हणाले, "पुस्तकातलं पाठ कर, मशीनकडे पाहू नको." तो सल्ला मी पाळला नाही, आणि आज इतरांनाही पाळू नका असेच सांगतो.

वर्डचेही तेच. आपोआप येणारा फाँट कोणता? जुन्या पुस्तकात टाइम्स न्यू रोमन, २००७ नंतरच्या पुस्तकात कॅलिब्री, आणि २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने ॲप्टोस आणला. तीन पुस्तके, तीन उत्तरे, एकही खोटे नाही. फाईलचे शेपूट पूर्वी डॉक होते, आता डॉक्स झाले. इंटरनेट एक्सप्लोरर तर जून २०२२ मध्ये कंपनीने बंदच केला, तरी कित्येक गाईडांत तो अजून 'वेबसाईट पाहण्याचे सर्वात लोकप्रिय साधन' म्हणून बसलेला आहे. दुकानदार कव्हर बदलतो, आतली पाने तीच.

दुसरी गल्लत याहून मोठी आहे आणि ती आपल्या मुलांच्या लक्षातच येत नाही. एमएस-सीआयटी आणि सीसीसी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एमएस-सीआयटी २००१ पासून एमकेसीएलमार्फत शिकवली जाते. तिच्यात निम्मे गुण सेंटरवरच्या रोजच्या सत्रांचे आणि निम्मे, म्हणजे पन्नास, शेवटच्या ऑनलाईन परीक्षेचे. सीसीसी ही नायलिट या केंद्रीय संस्थेची. पूर्वी तिला डोएक म्हणत. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटे. २०१९ मध्ये सीसीसीचा अभ्यासक्रम बदलला आणि त्यात लिब्रेऑफिस आले. आता बघा काय होते. वर्डमध्ये कंट्रोल आणि डी दाबले की फाँटची चौकट उघडते. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये तेच दाबले की अक्षराखाली दुहेरी रेघ येते. कंट्रोल आणि १ दाबले तर वर्डमध्ये ओळींमधले अंतर एकेरी होते, रायटरमध्ये ती ओळ मथळा होऊन बसते. सीसीसीचा फॉर्म भरलेला पोरगा मित्राचे एमएस-सीआयटीचे गाईड घेऊन रात्री जागतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या बांधीत चिखलणी करत असतो.

आता जो प्रश्न सगळ्यात जास्त भांडणे लावतो तो घ्या. एक केबी म्हणजे १००० बाईट की १०२४? येथे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि हे समजावून सांगायला मला खताच्या पोत्याइतके चांगले उदाहरण सापडत नाही. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ छापलेले असते. पन्नास किलोच्या पोत्यात तेवीस किलो स्फुरद आहे असे आपण धरतो. पण हे मोजमाप स्फुरदाच्या ऑक्साईडचे आहे. प्रयोगशाळेतला माणूस शुद्ध मूलद्रव्य म्हणून मोजेल तर त्याला त्याच पोत्यात सुमारे दहा किलोच सापडेल. पोते तेच, कोणी कोणाला फसवले नाही, फक्त मोजायचे माप वेगळे. संगणकाचे गणित दोनाच्या पटीत चालते म्हणून जुन्या लोकांनी दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४, यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. इतर सगळ्या विज्ञानात किलो म्हणजे हजार. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाने १०२४ साठी 'किबीबाईट' असे वेगळे नाव काढले. पण ते नाव आपल्या गाईडांपर्यंत काही पोचले नाही. पुरावा घरीच पाहा. १६ जीबीचा पेनड्राईव्ह संगणकाला लावा, जागा १४.९ किंवा त्याहून थोडी कमी दिसेल. कंपनी हजाराच्या हिशेबाने विकते, विंडोज १०२४ च्या हिशेबाने दाखवते. दुकानदाराशी भांडू नका. परीक्षेत मात्र पर्यायांत १०२४ असेल तर तेच उत्तर अपेक्षित असते.

काही प्रश्न असे असतात की त्यात प्रश्नच अर्धवट असतो. 'जगातला पहिला संगणक कोणता?' बहुतेक ठिकाणी एनिॲक, १९४६, असे उत्तर. पण १९७३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने एनिॲकचे पेटंट रद्द ठरवले आणि त्याआधीच्या अटानासॉफ यांच्या यंत्राला मान दिला. म्हणून काही पुस्तके ते नाव देतात. आपल्या पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक १९९१ साली उभा केला. त्याचा नमुना आदल्या वर्षी तयार झालेला, म्हणून कुठे १९९० ही दिसते. अशा प्रश्नावर तास घालवू नये. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या पुस्तकात जे आहे ते लिहावे आणि पुढे जावे.

आणि शेवटी साधी चूक. छापण्याची, नाहीतर न समजता उतरवण्याची. यात एक गंमत आहे. पोरं म्हणतात, "साहेब, पाच ठिकाणी हेच उत्तर आहे, म्हणजे बरोबरच असणार." पण पाचही पीडीएफ एकाच जुन्या गाईडावरून उतरवलेल्या असतील तर तो पुरावा पाच नव्हे, एकच. गावात एकाने सांगितले की अमुक पावडरीने करपा जातो, आणि संध्याकाळपर्यंत दहा जण तेच सांगू लागले, म्हणून दहा जणांनी पावडर मारून पाहिली असे होत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रश्नसंचांची गत हीच. त्यांवर ना लेखकाचे नाव, ना साल.

मग करायचे काय? आम्ही शेतावर जे करतो तेच. शंका असली की प्रात्यक्षिक प्लॉट घ्यायचा. त्या शेतकऱ्याच्या मुलीला मी एवढेच सांगितले, की सेंटरवर जा, रिकामी शीट उघड, कंट्रोल धरून खालचा बाण दाब. कर्सर थेट तळाशी जातो आणि ओळीचा नंबर डावीकडे दिसतो. मग उजवा बाण दाब. एक्सेल नवे असेल तर शेवटचा रकाना एक्सएफडी दिसेल. लिब्रेऑफिस २०२२ च्या आधीचे असेल तर एएमजे. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की जन्मात विसरत नाही. शॉर्टकट, मेनू, फाईलचे शेपूट, सूत्राचे उत्तर, हे सगळे मशीन स्वतः सांगते. तिथे कोणत्याही गाईडाची, आणि माझीही, साक्ष काढायची गरज नाही. जे मशीन सांगू शकत नाही, म्हणजे इतिहास, व्याख्या, कायदे, त्यासाठी संस्थेचे अधिकृत पुस्तक आणि चालू अभ्यासक्रम. गाईड हे त्यानंतर, सरावापुरते. कृषी विद्यापीठाची शिफारस आणि कृषी केंद्रवाल्याचा सल्ला यांत फरक पडला तर आपण कोणाचे ऐकावे हे मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो. इथेही क्रम तोच आहे.

मतभेद परीक्षा घेणाऱ्यांनाही मान्य असतात, हे विसरू नका. लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, हरकती मागवतो, मग अंतिम तालिका काढतो. २०२३ च्या तलाठी भरतीतही हरकती घेतल्या गेल्या आणि काही उत्तरे बदलली. पण 'माझ्या गाईडात असे आहे' एवढ्याने हरकत टिकत नाही. प्रमाणित पुस्तकाचे पान, आवृत्ती, साल, हे जोडावे लागते. म्हणून अभ्यास करतानाच वहीत डाव्या बाजूला उत्तर आणि उजव्या बाजूला ते कुठून घेतले ते लिहायची सवय लावावी. आज कंटाळवाणे वाटेल. हरकतीची मुदत मात्र थोड्याच दिवसांची असते, तेव्हा पुस्तक शोधत बसायला वेळ नसतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना एक विनंती. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आहे. गावात संगणक जाणणारी दोन पोरं असली तर तुमचाच भार हलका होतो. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात संगणकाची पुस्तके असतील तर एकदा काढून पाहा. २००३ च्या आवृत्तीवरची असतील तर त्यांवर जाड पेनाने 'जुनी आवृत्ती' असे लिहा, किंवा कपाटातून काढून टाका, आणि त्यांच्या जागी चालू अभ्यासक्रमाचे एकच पुस्तक ठेवा. संध्याकाळी दाखल्यांची गर्दी ओसरल्यावर केंद्रावरचे एक मशीन तासभर मुलांना देता आले तर तेही पाहा. पासवर्ड मात्र बदलून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणाच्या सातबाऱ्यात सराव झालेला सापडणार नाही.