अपंग तरुण, रोजगार आणि मधला दुवा

कायदा संमत झाला की प्रश्न निकालात निघाला, अशी आपल्या राज्यकर्त्यांची जुनी समजूत आहे. अपंगांच्या रोजगाराच्या बाबतीत ती जितकी फसवी ठरली, तितकी क्वचितच अन्यत्र ठरली असेल. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील ३ टक्के जागा अपंगांसाठी राखून ठेवल्या. २०१६ च्या कायद्याने हे प्रमाण ४ टक्क्यांवर नेले, अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले आणि बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता व मानसिक आजार असलेल्यांनाही नोकरीतील आरक्षणाच्या कक्षेत आणले. मधल्या काळात 'अपंग' हा शब्द जाऊन सरकारी कागदांवर 'दिव्यांग' आला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात त्यांच्यासाठी स्वतंत्र खातेही निघाले. नाव बदलले, खाते निघाले. पण दहावी किंवा आयटीआय उरकून घरी बसलेल्या अपंग मुलाला कारखान्याच्या दारापर्यंत हाताला धरून नेणारा माणूस कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांपैकी महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक होते. यांतील काम करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३६ टक्के आणि स्त्रियांत तर २३ टक्केच भरले. या संख्येत मुले व वृद्धही आहेत हे जमेस धरले, तरी चित्र समाधानाचे म्हणता येत नाही. शिवाय ज्या सरकारी नोकऱ्यांत आरक्षण आहे त्या नोकऱ्याच आक्रसत चालल्या आहेत. खाजगी मालकावर तर कायद्याने सक्ती केलेली नाही, केवळ उत्तेजनाची भाषा वापरली आहे. अशा स्थितीत आरक्षणाच्या आकड्यावर विसंबून राहणे म्हणजे बहुसंख्य अपंग तरुणांना वाऱ्यावर सोडणे होय.

अडचणीचे मूळ शाळा आणि काम यांच्यामधल्या अंतरात आहे. अपंग तरुणाच्या हाती पडते ते वैद्यकीय प्रमाणपत्र. त्यावर ४० टक्के, ६० टक्के असा आकडा असतो. शरीराचे काय चालत नाही, हे तो आकडा सांगतो. माणूस काय करू शकतो, याविषयी तो मुका आहे. मालक तो आकडा पाहून नकार देतो, आई-बाप तो पाहून आशा सोडतात आणि काही काळाने मुलगा स्वतःही त्या आकड्यावर विश्वास ठेवू लागतो. ही साखळी तोडण्याचे काम पुनर्वसन समुपदेशकाचे आहे.

समुपदेशक म्हणजे चार धीराचे शब्द बोलणारा सज्जन नव्हे. त्याला मुलाची कुवत जोखता आली पाहिजे, तसेच कामाची फोडही करता आली पाहिजे. एखाद्या यंत्रावरचे काम किती पायऱ्यांचे आहे, त्यातील कोणती पायरी बहिऱ्या तरुणाला अडेल, धोक्याची घंटा वाजते तेथे दिवा बसवला तर ती अडचण दूर होईल काय, हे त्याने जागेवर जाऊन पाहायचे असते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीला बांधणीच्या कामाचा क्रम चित्रांनी समजावता येतो. अंध तरुणाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकावर कचेरीचे काम करता येते. चाकाच्या खुर्चीवरील कामगाराला बहुधा यंत्रापेक्षा पायऱ्या आणि संडास आडवे येतात. अशा वाजवी सोयी करून देणे ही मालकाची मेहेरबानी नसून त्या नाकारणे हा भेदभाव आहे, असे २०१६ चा कायदा मानतो. परंतु नेमकी कोणती सोय हवी, हे सांगणारा जाणकार नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो.

म्हणूनच या माणसाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने पुनर्वसन समुपदेशक, तसेच अपंगांसाठीचे व्यवसाय समुपदेशक व नोकरी मिळवून देणारे अधिकारी यांना नोंदणीपात्र व्यावसायिक मानले आहे. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, मुंबई व हैदराबाद येथे व्यवसाय पुनर्वसन केंद्रे सुरू झाली होती. आज बदललेल्या नावाने चालणारी ही केंद्रे साऱ्या देशात दोन डझनांच्या आसपास आहेत. कोट्यवधींच्या लोकसंख्येला हा पसारा किती पुरणार? गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या पाड्यावरील मुलाने समुपदेशकाकडे यावे ही अपेक्षाच चुकीची. समुपदेशकाने त्याच्याकडे गेले पाहिजे. त्याचे शिक्षणही केवळ वर्गातील मानसशास्त्रावर भागणारे नाही. कारखाना, शेतीवरील प्रक्रियाउद्योग, बाजारपेठ, एसटीची वेळापत्रके, कामगार कायदे आणि खुणांची भाषा ही सर्व त्याच्या अभ्यासाचा भाग झाली पाहिजेत. आणि या शिक्षणात अपंग व्यक्ती केवळ विद्यार्थी म्हणून नव्हे, तर शिक्षक म्हणूनही हव्यात.

हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशाने १९५४ च्या कायद्याने समुपदेशकांच्या विद्यापीठीय शिक्षणासाठी सरकारी पैसा उपलब्ध केला आणि २०१४ च्या कायद्याने पुनर्वसन निधीतील किमान १५ टक्के रक्कम शाळकरी वयातील अपंगांच्या रोजगारपूर्व तयारीसाठी राखून ठेवली. अर्थात तेथेही हक्क दानात मिळाले नाहीत. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंगांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, तेव्हा कामगार संघटना आणि कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. आपल्याकडील कामगार चळवळीने यातून बोध घ्यावा.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्याला, आयटीआयशी जोडलेला, प्रशिक्षित पुनर्वसन समुपदेशक कायम पदावर नेमला पाहिजे. दरवर्षी बदलणाऱ्या कंत्राटी माणसाकडून हे काम होणार नाही. कारण मुलाचा, पालकांचा आणि मालकाचा विश्वास संपादन करण्यासच कित्येक महिने लागतात. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असतानाच त्याच्याशी संपर्क सुरू व्हावा आणि नोकरी लागल्यावरही निदान वर्षभर तो टिकावा. खाजगी उद्योगांना सरकारी सवलती देताना अपंगांच्या भरतीची अट घालावी. कामगार संघटनांनी मालकापुढे ठेवावयाच्या मागणीपत्रांत वाजवी सोयींचे कलम घालावे.

कार्यकर्त्यांनी सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपापल्या तालुक्यात अठरा ते पंचवीस वयाचे किती अपंग तरुण कामाविना घरी आहेत, त्यांना काय येते आणि कोणी कधी त्यांना ते विचारले काय, याची पाहणी प्रत्येक शाखेला करता येईल. ती यादी घेऊन तहसील कचेरीवर जाणारा मोर्चा दयेची याचना करणार नाही. कामाचा हक्क सर्वांचा आहे असे आपण म्हणतो. त्या 'सर्वां'त हे तरुण येतात की नाही, हे आता कृतीने ठरवायचे आहे.