तंबाखूची फरदड एकट्याने निघत नाही



कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून बिडी-खर्ऱ्याचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. शहरी विद्वानांनी वर्षानुवर्षे एकच पाढा वाचला, की शेतकरी व्यसनी आहे म्हणून कर्जात आहे. हे खोटे आहे. सुपारीचे खांडही तोंडात न टाकणारा शेतकरी तितकाच कर्जात आहे. खर्च भरून निघत नाही अशा भावात कापूस द्यावा लागतो, म्हणून कर्ज होते. पण कर्ज खर्ऱ्याने झाले नाही, एवढ्यावरून खर्रा निर्दोष ठरत नाही.

हिशेब आपणच मांडू. वीस रुपयांचा एक याप्रमाणे दिवसाला चार खर्रे धरले, तर वर्षाचे २९,२०० रुपये होतात. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. म्हणजे पावणेचार क्विंटलहून जास्त कापूस गालात गेला. कोरडवाहूत कित्येकांच्या एका एकराचे हे पीक आहे. भावासाठी रस्त्यावर उतरायचे आणि आलेल्यातला एक एकर पानठेल्यावर ठेवून यायचे, हा व्यवहार बरा नव्हे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले चार टक्क्यांहून कमी प्रौढ बिडी-सिगारेट ओढणारे निघाले, तर सुमारे चोवीस टक्के तोंडात तंबाखू धरणारे. आपल्याकडे धुरापेक्षा खर्रा मोठा. त्यातल्या तंबाखूनेही कर्करोग होतो आणि सुपारीनेही. सुपारीने गालाचे आतले कातडे ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आपलीच तीन बोटे उभी तोंडात मावत नसतील, तर हंगाम संपायची वाट न पाहता डॉक्टरला दाखवा.

शेतीशास्त्राच्या पुस्तकात आम्ही तंबाखूचा काढा शिकलो, तो माव्यावर फवारायचे औषध म्हणून. त्यातले निकोटीन हे कीटकनाशकच आहे. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतरही पाठीवर पंप आणि त्याच ओल्या हाताने खर्ऱ्याची पन्नी सोडणे चालूच आहे. फवारताना खाऊ-पिऊ नका, बिडी ओढू नका, असे डब्यावर छापलेले असते. निदान ही एक गोष्ट आजपासून बंद झालीच पाहिजे.

आता खरा मुद्दा. सोडणारे पुष्कळ, सुटलेले थोडे. पोळ्याला सोडतात, दसऱ्याला पुन्हा धरतात. मग लोक म्हणतात, मनाचा कच्चा आहे. आमचे मत वेगळे आहे. गुलाबी बोंडअळी आठवा. एकाने डिसेंबरात पऱ्हाट्या उपटल्या आणि बांधापलीकडच्याने मार्चपर्यंत फरदड ठेवली, तर पुढच्या साली अळी दोघांच्याही शेतात. उपटणारा कच्चा नव्हता, तो एकटा होता. तंबाखूचेही तसेच आहे. ती संगतीत लागली, चहाच्या टपरीवर, जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगेत, "घे ना भाऊ, एक चिमूट" म्हणत. संगत तीच राहिली, तर सोडलेली तंबाखू बांध ओलांडून परत येते.

याला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाशी जोडलेल्या बारा हजारांवर लोकांचा १९७१ ते २००३ या काळातला अभ्यास २००८ साली छापून आला. लोक एकेकटे नव्हे, तर टोळक्याटोळक्याने सिगारेट सोडतात, असे त्यात दिसले. नवराबायकोपैकी एकाने सोडली, तर दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली. मित्राने सोडली, तर ३६ टक्क्यांनी. आपल्याकडे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे दुसऱ्याला हात देतात. गडचिरोलीत २०१६ पासूनचे मुक्तिपथ अभियान दारू-तंबाखूविरुद्ध गावोगावच्या संघटनांवर उभे आहे. बंदी मात्र एकटी पुरत नाही. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, आणि तो कुठे मिळतो हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे.

म्हणून आमचे म्हणणे, प्रत्येक गावात पाच-सात जणांनी एकाच दिवशी सोडावे. त्याची रीत अशी असावी.

एक. दिवस आधी ठरवा. घरच्या बाईला आणि पोरांना सांगा. पन्नी, बिडीचा कट्टा, चुन्याची डबी घरात ठेवू नका.

दोन. पहिले तीन दिवस सगळ्यात जड. चिडचिड होते, झोप उडते, डोके धरते. महिनाभरात बहुतेक उतरते. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ जोडीदाराशी बोला, पाणी प्या, चार पावले चाला. जोडीदाराने रात्रीही फोन उचलावा.

तीन. दर बाजाराच्या दिवशी गटाने बसावे. कोणाला कुठे तलफ आली, हे मोकळेपणी सांगावे. चहाबरोबर येत असेल, तर काही दिवस टपरी बदलावी.

चार. एखादा घसरला, तर हसू नये, टोमणा मारू नये. एका खाड्याने पेरणी मोडत नाही, नांगे भरता येतात. "आता गेलेच, मग पुरी पुडी घेऊ" हा विचारच खरा घातक. घसरलेल्याने त्याच दिवशी गटात सांगावे आणि उद्यापासून पुन्हा मोजावे.

पाच. तीन महिन्यांनी सुटली असे समजून गट मोडू नका. लग्नसराई, मयत, सावकाराचा तगादा, पावसाची उघडीप, या वेळी ती परत येते. वर्षभर तरी बसत राहा.

जुनी, भारी सवय असेल, तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत फोनवर सल्ला मिळतो. जवळच्या सरकारी दवाखान्यातही विचारा.

ज्यांनी सोडलेली नाही त्यांच्याकडे एवढेच मागणे आहे. सोडलेल्या भावापुढे पन्नी धरू नका. आपल्या बैठकीत, सतरंजीवर आणि मंचावरही, बिडी-खर्रा नको. भाव मिळवायला जशी एकजूट लागते, तशीच ही फरदड उपटायलाही लागते. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या गटाचा आकडा घेऊन यावे.